कंटेनरमधल्या गप्पा डिस्कवर उतरतात तेव्हा

चाचणीसाठी ठेवलेल्या आमच्या सर्व्हरची रूट डिस्क भरत आल्याचा अलर्ट आला, तेव्हा ऑन-कॉल, म्हणजे अशा अलर्टकडे बघायच्या पाळीवर, मी होतो. डीएफ कमांडने डिस्क किती भरली ते पाहिलं, मग डीयू कमांडने कुठला फोल्डर किती मोठा ते बघत खाली उतरत गेलो. डॉकर हे साधन प्रत्येक प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतं. त्याच्या फोल्डरमध्ये, जिथे प्रत्येक कंटेनरचं सामान असतं तिथे, एकच जेसन (ठरावीक मांडणीच्या मजकुराची) फाइल कित्येक जीबींची झाली होती. डेटाबेस आणि वेब सर्व्हरचे लॉग तिच्यापुढे किरकोळ होते.

कसली फाइल आहे म्हणून शेवटच्या थोड्या ओळी पाहिल्या. आधी नुसते एस्केप कोड, म्हणजे पडद्यासाठीच्या खुणा, दिसले: रंग बदलण्याच्या, कर्सर हलवण्याच्या. पण त्यांच्या मधून मजकूर वाचता येत होता: टोपणनावं, वेळा, आणि कुणाच्या तरी घरातल्या आजारपणाबद्दल दोघांचं बोलणं. मी तिथेच थांबलो आणि फाइल बंद केली. पुढे वाचायचा मला काहीच अधिकार नव्हता.

कंटेनर आमच्याच टीममधल्या एका मुलाचा निघाला. फावल्या वेळात तो डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजवर काम करतो, आणि डेबियनची मंडळी आजही आयआरसीवर, ओएफटीसी नेटवर्कवर भेटतात. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेली ही गप्पांची पद्धत अजून कामाची आहे, कारण तिला एक टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा, पुरतं. त्याने ईर्सी हा आयआरसीचा क्लायंट, म्हणजे गप्पांसाठीचा प्रोग्रॅम, डॉकरमध्ये चालवला होता. लॅपटॉप मिटला तरी क्लायंट चॅनेलवर राहतो, संध्याकाळी त्या कंटेनरला पुन्हा जोडलं, म्हणजे अटॅच केलं, की सगळं समोर. अशी छोटी साधनं त्या सर्व्हरवर चालवायची टीममध्ये मुभा आहे, त्यामुळे त्यात गैर काही नव्हतं.

मी त्याला फोन करून सांगितलं तर तो गोंधळला. "सर, पण मी ईर्सीमध्ये लॉगिंग चालूच केलेलं नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. ईर्सी काहीच नोंदवत नव्हता, नोंदवत होता डॉकर. कंटेनरमधला मुख्य प्रोग्रॅम जे काही आउटपुट देतो ते डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल लॉग ड्रायव्हर, म्हणजे नोंदी लिहिणारा भाग, जसंच्या तसं लिहून ठेवतो. वेब सर्व्हरसाठी ते सोयीचं असतं. पण टर्मिनलवरच्या चॅट क्लायंटचं आउटपुट म्हणजे त्याचा अख्खा पडदा. नवी ओळ आली, घड्याळाचं मिनिट बदललं, खिडकीचा आकार बदलला की पडद्याचा तो भाग पुन्हा काढला जातो आणि पुन्हा लिहिला जातो. जेसनमध्ये एस्केपच्या एका बाइटची सहा अक्षरं होतात. त्यात आकाराची मर्यादा सांगितली नसेल तर फाइल वाढतच राहते.

फाइल नुसती पुसून भागलं नसतं. डॉकरने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे जागा मोकळी होत नाही. ट्रंकेट कमांडने तिचा आकार शून्यावर आणला तेव्हा डिस्कने श्वास घेतला. पण माझं लक्ष आता जागेवर नव्हतंच. टोपणनावांची नोंद ठेवणाऱ्या निकसर्व्ह या सेवेला पासवर्ड सांगणारी ओळही पडद्यावर उमटते, म्हणजे तीही त्या फाइलमध्ये गेली होती. शिवाय या सर्व्हरचा रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची प्रत, निघतो. त्या दोघांचं बोलणं बॅकअपमध्ये किती ठिकाणी पोचलं असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला झालं.

त्याने पासवर्ड लगेच बदलला. मग ज्याच्याशी ते बोलणं झालं होतं त्या मित्राला माझ्यासमोर बसूनच सगळं कळवलं. ते त्याला जड गेलं, पण बोलणं दोघांचं होतं, तेव्हा मित्रालाही ते समजायलाच हवं होतं. सर्व्हर चाचणीचा असल्याने टीम लीडच्या संमतीने नवा स्नॅपशॉट घेऊन जुने काढून टाकले.

चालू कंटेनरचा लॉग ड्रायव्हर बदलता येत नाही, म्हणून कंटेनर नव्याने उभा केला. ईर्सीचं कॉन्फिगरेशन बाहेरच्या कुठल्या फोल्डरशी जोडलेलं (माउंट केलेलं) नव्हतं, ते आधी डॉकर सीपी कमांडने बाहेर काढलं, नाहीतर कंटेनरबरोबर गेलं असतं. या वेळी लॉग ड्रायव्हर 'नन', म्हणजे काहीच न लिहिणारा, ठेवला. ईर्सीच्या अधिकृत इमेजच्या माहितीत दिलेल्या कमांडमध्येही तो तसाच आहे. टर्मिनलचा प्रकार सांगणारं टर्म व्हेरिएबल बाहेरून आत दिलं, अक्षरांची पद्धत ठरवणारं लोकेल यूटीएफ-८ केलं, कारण तो कधी कधी मराठीतही लिहितो. (देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि आयआरसीची ओळ सगळी मिळून ५१२ बाइटांची, त्यामुळे मराठीत थोडक्यात बोलावं लागतं.) डिटॅचच्या, म्हणजे कंटेनर चालू ठेवून बाहेर पडण्याच्या, कळाही बदलल्या. डॉकर कंट्रोल-पी स्वतःकडे अडवून धरतो, आणि ईर्सीत मागच्या खिडकीवर जायला तीच कळ लागते.

सर्व्हरच्या डॉकर सेटिंगमध्ये लॉगला १० एमबीची मर्यादा आणि तीनच फाइली असा नियम घातला. तो फक्त नव्या कंटेनरांना लागू होतो, त्यामुळे बाकीचे कंटेनर आम्ही दोघांनी मिळून एकेक करून पुन्हा तयार केले, आणि प्रत्येकाचा लॉग ड्रायव्हर डॉकर इन्स्पेक्ट कमांडने तपासून घेतला.