पोटाच्या तक्रारीत मनाची विचारपूस

मी चीनमध्ये डॉक्टरकी शिकले हे कळलं की पोटाचा त्रास असलेली माणसं एक गोष्ट हमखास विचारतात. कुणाला सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीन-तीनदा संडासला जावं लागतं, कुणाचं पोट दोन घास खाल्ले की डब्ब होतं, कुणाच्या घरात वाजलं की त्या रात्री पोटात पीळ पडतो. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. मग प्रश्न येतो, "मॅडम, चिनी वैद्यकात पोटावर आणि मनावर एकच औषध असतं म्हणे. खरं आहे का? आणि त्याचा उपयोग होतो का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझी पदवी आधुनिक वैद्यकाची आहे. चिनी वैद्यक हा आम्हाला एक विषय होता आणि इंटर्नशिपमध्ये त्या विभागात काम करायला मिळालं. ती औषधं मी लिहून देत नाही. पण तिथे रुग्णाशी बोलायची जी रीत पाहिली, ती मला फार मोलाची वाटते.

तिथले वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहायचे. मग जीभ: कडेला दातांचे ठसे आहेत का, थर पांढरा आहे की पिवळा. मग प्रश्न. भूक लागते का, तोंडाला चव कशी, गार खाल्लं की बिघडतं का, शौचाला पातळ होते की खडा, झोप कितीला मोडते. आणि त्याच ओघात, आवाज न बदलता: हल्ली चिडचिड होते का, कसली काळजी डोक्यात घोळतेय का, घरी कोणी गेलं का. रुग्णही आवाज न बदलता सांगायचे. आमच्या ओपीडीत मी "ताण आहे का?" विचारलं की समोरच्याचा चेहरा पडतो. आपल्याला काही झालेलंच नाही, असं डॉक्टरांना वाटतंय, असा अर्थ तो काढतो. दुखणं खरं ठरवायचं तर मन बाजूला ठेवावं लागतं, अशी आपल्याकडे समजूतच झाली आहे. तिथे ती अट नव्हती.

याचं मूळ फार जुनं आहे. 'हुआंगदी नेइजिंग' हा त्यांचा आद्य ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात प्रत्येक भावना एकेका अवयवाला जोडलेली आहे: संताप यकृताला बाधतो, अति हर्ष हृदयाला, शोक फुप्फुसांना, भीती मूत्रपिंडांना आणि सतत विचार करत राहणं प्लीहेला. हे अवयव सोनोग्राफीत दिसतात ते नव्हेत. प्लीहा म्हणजे तिथे अन्न पचवून त्याचं बळ अंगभर पोचवण्याचं सगळं काम. यकृताकडे 'ची', म्हणजे शरीरातली चलनशक्ती, मोकळी वाहती ठेवण्याची जबाबदारी. राग गिळत राहिलं की ती अडते आणि तिचा मारा पचनावर होतो, असा त्यांचा सिद्धांत. पोटात कळ येते, लगेच पळावं लागतं, होऊन गेलं की बरं वाटतं, आणि हे सगळं भांडणानंतर किंवा काळजीत वाढतं: या त्रासासाठी त्यांच्याकडे शतकानुशतकं चार औषधींचा एक काढा चालत आला आहे. बाइझू नावाचं मूळ, पांढऱ्या पिओनीचं मूळ, वाळवून जुनी केलेली संत्र्यासारख्या फळाची साल आणि फांगफेंग नावाचं आणखी एक मूळ. ज्याला आज आम्ही जुलाबवाला आयबीएस (तपासण्यांत दोष न दिसता पोट वारंवार बिघडण्याचा आजार) म्हणतो, त्याचं हे वर्णन मला जवळपास हुबेहूब वाटतं.

तिथल्या जुन्या वैद्यांपैकी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ली दोंगयुआन. ११८० ते १२५१ हा त्याचा काळ. १२३२ साली मंगोलांनी काइफेंगला वेढा घातला. तेव्हा ती जिन राज्याची राजधानी होती. वेढा उठला आणि लोक सुटले, पण नंतरच माणसं पटापट मरू लागली. त्याने लिहून ठेवलंय की शहराला बारा दरवाजे होते आणि प्रत्येक दरवाजातून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर जात. हे जवळपास तीन महिने चाललं. बाकीचे वैद्य हा बाहेरून आलेल्या थंडीचा ताप समजून घाम काढणारी आणि रेचक औषधं देत होते आणि रोगी दगावत होते. ली म्हणाला, या माणसांनी महिनोन् महिने उपासमार सोसली आहे, अवेळी मिळेल ते खाल्लं आहे, भीतीत आणि काळजीत रात्री काढल्या आहेत. त्यांचं पोट आतून मोडलं आहे, त्यांना बळ द्या, उपसू नका. पुढे १२४९ मध्ये त्याने प्लीहा आणि जठर यांवर ग्रंथच लिहिला. त्याचा 'बुझोंग यीची तांग' हा काढा आजही चीन आणि जपानमध्ये वापरला जातो. ती प्लेगसारखी साथ असावी, असं आजच्या काही अभ्यासकांना वाटतं, आणि तसं असेल तर त्याचं निदान अपुरं ठरेल. पण मृत्यूचा एवढा खच पडलेला असताना ज्याने आधी विचारलं की या लोकांनी काय काय सोसलं, त्या वैद्याबद्दल मला अपार आदर आहे.

आणखी एक उदाहरण तुमच्या ओळखीचं निघेल. घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी येत नाही, आणि दुर्बीण घातली तर घसा स्वच्छ. साधारण १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्याने स्त्रियांच्या आजारांत हे लक्षण नोंदवलं: घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा असल्यासारखं वाटणं. त्यावर त्याने दिलेल्या काढ्यात आलं आणि मॅग्नोलियाची साल आहे. तोच त्रास घेऊन बायका आजही माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा घरातलं काहीतरी मनात दाबून.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: उपयोग होतो का? १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात आयबीएसच्या ११६ रुग्णांवर नीट आखलेला एक अभ्यास झाला. काहींना ठरावीक चिनी औषध, काहींना तपासून प्रत्येकाला वेगळं, काहींना नुसती नकली गोळी. सोळा आठवड्यांनी दोन्ही औषधी गट नकली गोळीपेक्षा बरे निघाले. औषध बंद केल्यावर चौदा आठवड्यांनी मात्र ज्यांना वेगवेगळं औषध दिलं होतं, त्यांचाच फायदा टिकलेला दिसला. आशा वाटावी असा हा निकाल आहे, पण एका अभ्यासावर भिस्त ठेवता येत नाही. सुया टोचून करायच्या उपचाराचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचं, चित्र वेगळं आहे. आयबीएसवरच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात खऱ्या आणि खोट्या सुयांच्या परिणामांत फरक आढळला नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर सुई टोचण्याचा किंवा दाब देण्याचा उपयोग होतो, हे मात्र बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे.

एक धोका सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये चांगशा इथे, मज्जातंतूंचा अशक्तपणा असं निदान झालेल्या १०० रुग्णांना तपासलं. डोकेदुखी, निद्रानाश, थकवा घेऊन आलेल्या त्या माणसांपैकी ८७ जणांना नैराश्याचा आजार होता. शरीराच्या भाषेत दुःख सांगता येतं, त्यामुळे माणसाची लाज राखली जाते, हे खरं. पण त्या भाषेआड नैराश्य लपूनही राहतं. जगण्यात रस उरला नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुढे झोप लागत नसेल, तर काढ्यावर किंवा पेजेवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, त्यासाठी पोटाची तक्रार सोडून द्यावी लागत नाही.

दुसरा धोका औषधींचा. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नावाने जवळची दुसरीच आली. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरावर रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकांवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली. बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यामुळे ऑनलाइन मागवलेली, आत काय आहे ते न कळणारी चिनी पुडी घेऊ नका. अनेक काढ्यांत असणारं ज्येष्ठमधसुद्धा जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

खाण्याबाबत तिथे सांगतात ते करायला मात्र कुणाची हरकत नसावी. गरम, मऊ, वेळेवर, आणि मन जाग्यावर असताना. उत्तर चीनमध्ये पोट बिघडलं की राळ्याची पातळ पेज देतात, तेच आपलं राळं. चिंता, शोक, भय, क्रोध असताना बेताने खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, असं चरकसंहितेतही स्पष्ट म्हटलं आहे. आजचं वैद्यकही आयबीएसला आतडी आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचा बिघाड म्हणतं. त्यामुळे जेवताना हिशोब, भांडण, बातम्या बाजूला ठेवा असं मी सांगते, तेव्हा ते उपचार म्हणूनच सांगते.

सुया घ्यायच्याच असतील तर महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे. नोंदणी आहे का ते बघून, एकदाच वापरायच्या सुया आहेत याची खात्री करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, तर आधी आमच्याकडच्या तपासण्या करा. त्यांत काही निघालं नाही, तर पुढच्या वेळी येताना पोटाबरोबर घरचंही सांगा. मी वेळ काढून ठेवेन.