लिथियम, मीठ आणि वारी

माऊलींची पालखी नीरा ओलांडून पाडेगावात शिरली की सातारा जिल्ह्यातला आरोग्य विभाग पुढचे काही दिवस रस्त्यावरच मुक्कामाला असतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा तो टप्पा. मी मानसोपचार परिचारिका. एरवी माझं काम ओपीडीत आणि तालुक्याच्या शिबिरांत. वारीत मात्र ज्याला त्याला सगळंच करावं लागतं. पायांच्या फोडांना पट्टी बांधायची, ओआरएस कालवायचं, बीपी बघायचं. त्या वर्षी माझी नेमणूक चांदोबाच्या लिंबापासून जवळ, तरडगावच्या वाटेवरच्या एका तंबूत होती.

लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व धावून गेले, लोकांनी टापांखालची माती कपाळाला लावली आणि मग दिंड्यांमध्ये खेळ रंगले. पाऊस लांबला होता. अंगाला नुसत्या धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात चार माळकरी एका माणसाला दोन्ही खांद्यांना धरून घेऊन आले. वय साठीच्या अलीकडे, खटाव तालुक्यातले शेतकरी. पावली खेळताना तोल जाऊन पडले होते. पडल्यावर उठले, पुन्हा टाळ हातात घेतले आणि पुन्हा पडले. बोलणं जड, शब्द एकमेकांत अडकलेले. तंबूच्या दाराशी कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "जरा घेतलेली दिसतीय."

त्यांच्या बायकोनं ते ऐकलं. "आवं, गळ्यात माळ हाय त्यांच्या," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. भर वारीत, सगळ्या दिंडीदेखत, माळकऱ्यावर असा आळ. त्या माऊलीला पतीच्या आजारापेक्षा तो शब्द जास्त लागला होता.

तंबूतले डॉक्टर वयानं लहान, पण कामाला चोख. उष्माघात आहे का ते आधी पाहिलं. अंग कोमट, तापमान शंभराच्या आत. बोटाला सुई टोचून साखर बघितली, ठीक होती. तोंड वाकडं नाही, दोन्ही हातांत सारखा जोर. बीपी मात्र उतरलेलं, जीभ कोरडी. माणूस एका जागी पडून राहीना. मध्येच उठायचे, मध्येच अभंगाची अर्धी ओळ म्हणायचे, मध्येच डोळे मिटायचे.

मावशींनी कमरेची पिशवी सोडून औषधं आणि एक मळकी फाईल पुढे केली. फाईलवर बायपोलर आजाराचं, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जाण्याच्या आजाराचं, निदान लिहिलेलं होतं. ते वाचलं आणि तंबूतल्या सगळ्यांचा प्रश्न जणू सुटला. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, हा तुमच्याच विभागाचा पेशंट. आजार उलटलाय. शांत करायचं इंजेक्शन देऊन साताऱ्याला पाठवू या का?"

असं नेहमी होतं. फाईलवर मनाच्या आजाराचं नाव असलं की शरीराकडे बघायचं राहून जातं. पोटात दुखलं तरी मनाचं, चक्कर आली तरी मनाचं. मला या गोष्टीचा फार राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

मी त्यांना म्हटलं, "माऊली, दोन्ही हात असे पुढे धरा बरं." त्यांनी धरले. या आजारावर लिथियम हे औषध घेणाऱ्या बऱ्याच लोकांच्या बोटांना बारीक कंप असतो, चहाचा कप धरताना जाणवेल इतपत. हा तसला नव्हता. मनगटापासून हात थाडथाड हलत होते. बोट नाकाला लावायला सांगितलं तर ते गालावर गेलं. दंडाचे आणि मांडीचे स्नायू आपोआप उडत होते. उन्मादाची लाट आलेला माणूस बोलतो फार, झोपत नाही, पण त्याचे शब्द असे जड होत नाहीत आणि पाय असे फाकत नाहीत.

पिशवीत लिथियमची ३०० मिलिग्रॅमची पाकिटं होती. सकाळी एक, रात्री दोन.

"मावशी, गोळ्या कधी चुकल्या का?"

"न्हाई वो बाई. बारा वर्षं झाली, एक दिस चुकू दिली न्हाई. तुमच्यासारख्याच सिस्टरनी सांगितलंय, काय बी झालं तरी गोळी चुकवायची न्हाई म्हून. आत्ता बी रातच्या दोन लवकर देऊ का, म्हून इचारणारच हुते."

ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. "नका देऊ. एकही नका देऊ," मी म्हटलं.

मग मी विचारत गेले आणि एकेक गोष्ट बाहेर येत गेली. महिन्याभरापूर्वी गावाकडच्या एका दवाखान्यात बीपी वाढलेलं निघालं. तिथून एक गोळी सुरू झाली. पाकीट पाहिलं तर बीपी उतरवणारं टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड (थायझाइड), दोन्ही एकाच गोळीत. शिवाय मीठ कमी करायला सांगितलेलं. मावशींनी मीठ कमी केलं नव्हतं, बंदच केलं होतं. महिनाभर आळणी भाकरी-भाजी. एकादशीच्या उपवासात दिवेघाट चढले, तेव्हापासून गुडघा सुजला. वाटेत जिथे जिथे मदतीचे तंबू लागले तिथे तिथे दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. सगळ्या डायक्लोफिनॅकच्या. एका ठिकाणच्या संपल्या की दुसऱ्या ठिकाणच्या. आणि नीरेच्या आधीपासून जुलाब.

या चारही गोष्टींची लिथियमशी काय गाठ आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

लिथियमचं यकृतात काही होत नाही. ते जसं पोटात जातं तसंच रक्तात फिरतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडाला ते जवळजवळ मिठातल्या सोडियमसारखंच वाटतं. अंगातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही आत ओढून घेतं. दुष्काळात गावानं बंधाऱ्याचं दार बंद करावं आणि पाण्याबरोबर गाळही आतच राहावा, तसं. आळणी जेवण, घाम, जुलाब यांनी ते दार लावलं. थायझाइडनं मीठ आणखी बाहेर काढलं. टेल्मिसार्टन आणि डायक्लोफिनॅक यांनी मूत्रपिंडात गाळण्याचा वेग कमी केला. गोळ्यांची मात्रा एका मिलिग्रॅमनंही वाढली नव्हती. रक्तातलं लिथियम मात्र चढत गेलं.

आणि चढायला जागा फारशी नसते. रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर असेल तर औषध लागू पडतं. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, २.५ च्या पुढे जिवाला धोका. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांच्या मेंदूत ते आधीच मुरलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यात आकडा लहान असूनही लक्षणं गंभीर असू शकतात.

लिथियम आणि मीठ यांचं हे नातं जुनं आहे आणि महागात पडलेलं आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञानं उन्मादावर लिथियम लागू पडतं हे १९४९ साली मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराचे काही रुग्ण लिथियम क्लोराइडमुळे दगावले. त्यांना मीठ वर्ज्य होतं, म्हणून मिठाऐवजी जेवणावर भुरभुरायला ते मिळत असे. अंगात मीठ नाही आणि ताटात हवं तितकं लिथियम. तिथे या औषधाला मान्यता मिळायला पुढे १९७० साल उजाडलं. मी विद्यार्थिनींना शिकवते तेव्हा ही हकिगत आवर्जून सांगते, कारण नुसता तक्ता पाठ केला तर तो विसरतो.

डॉक्टरांना मी हे सगळं दोन-तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी लगेच ऐकलं, याचं मला फार बरं वाटलं. शांत करायचं इंजेक्शन बाजूला राहिलं. त्यानं गुंगी वाढली असती आणि शुद्ध कुठे चालली आहे हे कळायचाच मार्ग बंद झाला असता. शिरेतून नॉर्मल सलाईन सुरू केलं, आमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "रिपोर्टची वाट बघू नका, लिथियमची विषबाधा समजूनच फलटणला हलवा."

ॲम्ब्युलन्समध्ये मी सोबत बसले. पालखीच्या रस्त्यावर गाडी काढणं किती अवघड असतं ते तिथला माणूसच जाणे. पण वारकऱ्यांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. टाळकऱ्यांनी हातानंच पुढच्यांना इशारे केले आणि दिंड्यांमधून गाडी निघत गेली. मावशी पतीचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रुग्णालयात रक्त घेताना मी एक गोष्ट आधीच बोलून ठेवली. हिरव्या टोपणाच्या बऱ्याच नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं. त्या नळीत लिथियम तपासायला रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा भलताच येतो. म्हणून साधी, लाल टोपणाची नळी. शिवाय शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहिलं. एरवी ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. विषबाधेचा संशय असेल तर तेवढं थांबता येत नाही, पण वेळ लिहिली नाही तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

बाकीच्या गोष्टी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भराभर केल्या. ईसीजी, क्रिएटिनिन, सोडियम. एका नव्या सिस्टरनं कोळशाचं औषध पाजायचं का म्हणून विचारलं. प्रश्न चांगला होता. बऱ्याच विषांना कोळसा धरून ठेवतो, लिथियमला धरत नाही. क्रिएटिनिन २.१ आलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं. मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं. शुद्ध आणखी हरपली किंवा झटके आले तर आकडा न बघता डायलिसिस करायचं ठरलं, आणि त्याची तयारी करून ठेवली. सलाईन चालू असताना दर सहा तासांनी सोडियम बघितलं जात होतं. लिथियम बरीच वर्षं घेतलेल्यांना लघवी फार होते, नुसतं पाणी निघून जातं आणि सलाईननं सोडियम भलतीकडे चढू शकतं.

लिथियमचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. २.३. तोपर्यंत डायलिसिसची वेळ टळली होती. पहाटे त्यांनी बायकोला नावानं हाक मारली आणि "पालखी कुठवर गेली?" म्हणून विचारलं. रक्तातला आकडा पुढे लवकर उतरला. हातांचा कंप आणि चालण्यातला झोक जायला मात्र आठवड्यावर दिवस लागले. मेंदूतून लिथियम सावकाश निघतं. काहींच्या बाबतीत उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडतं. यांचं तसं झालं नाही.

त्या चारही गोष्टींत कुणाचा हेतू वाईट नव्हता. बीपीची गोळी योग्य आजारावर दिलेली, मीठ कमी करायचा सल्ला बरोबर, दुखण्याच्या गोळ्या तर सेवा म्हणून वाटलेल्या. फक्त "तुम्ही आणखी कोणतं औषध घेता?" हा प्रश्न मध्ये कुठेच विचारला गेला नव्हता. आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. डोक्याची गोळी चालू आहे असं चारचौघांत कोण सांगतो?

अमेरिकेत मानसोपचारातल्या नर्स प्रॅक्टिशनर स्वतः औषधं लिहून देतात. आमच्याकडे मला तो अधिकार नाही. पण औषध लिहिणाऱ्यापेक्षा ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याशी बोलणाऱ्याला कमी माहीत असून चालेल, हे मी कधीच मान्य करणार नाही. आम्ही परिचारिका "गोळी चुकवू नका" हे वाक्य दिवसभर म्हणत असतो, आणि बहुतेक वेळा तेच योग्य असतं. पण लिथियमच्या बाबतीत ते वाक्य अर्धं आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप आला, जेवण-पाणी तुटलं, तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा, हा अर्धा भाग मावशींना कुणीच सांगितला नव्हता. बारा वर्षं त्यांनी पहिला भाग इमानानं पाळला होता.

पुढे ते ओपीडीत आले. लिथियममुळे आजार आटोक्यात राहून बारा वर्षं त्यांच्यावर ॲडमिट व्हायची वेळ आली नव्हती, म्हणून ते कायमचं सोडायला ना ते तयार होते, ना आमचे डॉक्टर. मूत्रपिंड पूर्ववत झाल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं, आठवड्यानं पातळी तपासली. बीपीसाठी ॲम्लोडिपिन. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल. मीठ रोजच्याइतकंच, कधी जास्त कधी कमी असं नाही. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम.

मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: मी लिथियम घेतो. मला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. बीपीची नवी गोळी द्यायच्या आधी या नंबरवर फोन करा. जुलाब झाले, हात जोरात हलले, बोलणं जड झालं तर गोळी थांबवा आणि मला दवाखान्यात न्या. मावशींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून औषधांबरोबर ठेवला.

त्यांच्यासोबत दिंडीचे विणेकरीही आले होते. इतका वेळ गप्प बसलेले. निघताना म्हणाले, "सिस्टर, ह्यो कागद आणखी दोन द्या. आमच्या दिंडीत दोघंजणं अशाच गोळ्या खात्यात. लोकांला म्हाईत न्हाई, मला म्हाईत हाय." मी त्यांना म्हटलं, कागद असा देता येणार नाही, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. दोघांनाही त्यांच्या पाकिटांसकट पुढच्या सोमवारी घेऊन या. ते घेऊन आले. एक जण लिथियमवरच होता.