स्पीकरच्या डब्यावरचे वॉट

गणपती जवळ आले की ओळखीपाळखीच्या लोकांचे मेसेज चालू होतात, हा २० वॉटचा ब्लूटूथ स्पीकर घेऊ का तो ४० चा. मी आधी एवढंच विचारतो की वॉटच्या पुढे आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर) लिहिलंय का बघ. पूर्वी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचे फुगवलेले, हजार-हजार वॉट छापलेले असायचे आठवतंय? स्वस्तातल्या स्पीकरवर तसलाच कारभार अजून चालतो, नुसता मोठा आकडा.

आणि आकडा खरा असला तरी वॉट डबल म्हणजे आवाज डबल असं नसतं बरं का. दुप्पट पॉवरला फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्यामुळे २० आणि २५ मध्ये डोकं घालवू नका.

त्यापेक्षा दुकानात स्वतःचा फोन जोडा आणि तबला नीट ऐकू येईल असं ओळखीचं गाणं लावा, आधी निम्म्या आवाजावर आणि मग फुल. निम्म्यावर डग्गा मस्त घुमतो आणि फुल केला की नुसतं थप थप, हे छोट्या स्पीकरमध्ये हमखास होतं, कारण ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, फाटू नये म्हणून आतलं सर्किटच मुद्दाम बेस कापतं. दुकानदार नेमका निम्म्यावर ऐकवतो :)

ब्लूटूथ ५.३ आहे म्हणून आवाज भारी, असं काही नाही. जुना फोनसुद्धा आरामात जोडला जातो. आवाजाचा संबंध कोडेकशी, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवायला आवाज दाबून लहान करायच्या पद्धतीशी, आणि तो फोन आणि स्पीकर दोन्हीकडे लागतो. स्पीकरमध्ये एलडॅक हा भारीतला कोडेक आहे पण हातात आयफोन असेल तर उपयोग शून्य, आयफोन एएसी नावाचा कोडेक वापरतो, आणि काहीच जुळलं नाही तर सगळीकडे असणारा साधा एसबीसी असतोच. खरं सांगायचं तर तळहाताएवढ्या स्पीकरवर हा फरक मला तरी कळत नाही. दोन स्पीकर जोडून स्टिरिओ करायचा असेल तर मात्र आधीच विचारा, बऱ्याचदा एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन लागतात, घरातला जुना चालत नाही.

बॅटरीचे १२ तास वगैरे साधारण मध्यम आवाजावरचे असतात, फुल ठेवला तर बरेच कमी.

अजून एक गंमत. माझ्याकडच्या एका स्वस्त स्पीकरला टाइप सी पोर्ट आहे पण लॅपटॉपच्या सी टू सी (वायरच्या दोन्ही टोकांना टाइप सी) चार्जरवर तो ढिम्म चार्ज होत नाही. बिघाड नाहीये, पोर्टमागचे दोन बारके रेझिस्टर कंपनीने वाचवलेत, त्यामुळे समोर कोणी आहे हेच चार्जरला कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. साध्या, जुन्या रुंद पोर्टच्या यूएसबी चार्जरला डब्यातलीच वायर लावली की लगेच लाल दिवा लागतो, तेव्हा ती वायर तेवढी जपून ठेवा.