साडेसदतीस तोळ्यांची लेन्स

रविवार, सकाळ

आज पुन्हा तेच. पावणेसातला रंकाळ्यावर पोचले, संध्यामठाच्या बाजूला कठड्याला टेकून उभी राहिले, आणि समोरच्या दगडावर खंड्या येऊन बसला. निळीशार पाठ, पांढरी छाती, लालभडक चोच. श्वास रोखून सतरा फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर त्यात सगळा रंकाळा आहे, धुकं आहे, पलीकडची झाडं आहेत आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा निळा ठिपका.

चिरंजीव मागून डोकावले. "आई, पक्षी कुठाय?"

मी बोट ठेवून दाखवला.

"हां, मला वाटलं स्क्रीनला काहीतरी लागलंय."

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५च्या लेन्सची एवढीच धाव. दिवाळीच्या बोनसमधले आणि भिशीतले मिळून पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. नवऱ्यानं मध्ये एकदा फ्रिजचा विषय काढला होता, तो मला ऐकू आला नाही.

सोमवार, दुपारी, दुकानात

तुळशीची लग्नं जवळ आलीत, तरी दुपारी दोन ते चार गुजरीत, आमच्या सराफांच्या गल्लीत, कुत्रंसुद्धा फिरत नाही. शेठ जेवायला गेले की काउंटरवर मी आणि काटा, दोघंच. पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर गणित मांडलं. माझ्या कॅनन १५००डीचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली पट्टी, २२.३ मिलिमीटर रुंद. त्याला फोकल लेंग्थनं, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्यानं (जितका मोठा तितका झूम जास्त), भागायचं, अंतरानं गुणायचं, की चौकटीत किती रुंदीचं दृश्य मावतं ते कळतं. खंड्या समजा वीस मीटरवर. ५५ला आठ मीटर रुंदीचं दृश्य, त्यात वीतभराहून थोडा मोठा पक्षी. बरोबर, ज्वारीचा दाणा. २५०ला पावणेदोन मीटर. ३००ला दीड मीटर. ६००ला पाऊण मीटर.

म्हणजे २५० घेऊ की ३००, या प्रश्नावर मी आठ दिवस झोप घालवली, तो प्रश्न वीतभराचा निघाला. ५५वरून २५०वर जाणं ही खरी उडी. ६०० ही दुसरी उडी, पण तिची किंमत बघून मी पान उलटलं.

आणखी एक गोष्ट आज डोक्यात शिरली. सगळे सांगत होते की या कॅमेऱ्यावर २५०ची लेन्स ४००ची होते, १.६नं गुणायचं. होत काही नाही. सेन्सर लहान, म्हणून चित्राच्या कडा कापल्या जातात आणि मधला भाग मोठा वाटतो. पाटल्या तेवढ्याच, डबी लहान.

बुधवार, रात्री

कामावरून सुटल्यावर स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. रोलच्या जमान्यात त्यांनी अर्ध्या पेठेची लग्नं काढलीत, आमच्या आईबाबांचंसुद्धा. आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन. कपाटातून त्यांनी कॅननची जुनी ७५-३०० काढली. "आठवडाभर वापर, आणि मग बोल."

दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेवरचा कावळा काढला. ३००वर, शटर १/१२५ सेकंद. कावळा दोन डोक्यांचा आला. पुन्हा काढला, तीन डोक्यांचा.

"हात थरथरतोय की गं," काका म्हणाले. "१८-५५वर ही थरथर दिसत नाही. झूम वाढला की तीपण मोठी होती."

जुना हिशेब त्यांनी सांगितला: जितकी फोकल लेंग्थ, शटर निदान तेवढ्यातला एक हिस्सा हवा. ३००ला १/३००. लहान सेन्सर असेल तर तेही १.६नं गुणायचं, म्हणजे जवळजवळ १/५००. मी १/५०० केलं. कावळा एक डोक्याचा आला, पण काळवंडला, कारण संध्याकाळ झालेली आणि या लेन्सचं तोंड ३००ला एफ ५.६च्या पुढं उघडतच नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड धरायची ताकद, ३२०० केला तेव्हा उजेड आला, आणि त्याबरोबर रवाही आला, रव्याच्या लाडवासारखा.

ही लेन्स स्वस्त का, तेही कळलं. हिच्यात आयएस नाही, म्हणजे हाताची थरथर आतल्या आत सावरून घेणारी काचांची यंत्रणा नाही. नव्या ५५-२५०मध्ये ती आहे. काका मात्र लगेच म्हणाले, "त्या आयएसनं तुझा हात थांबतोय. पाखराचं पंख न्हाई थांबत." उडत्या पक्ष्याला शटर वाढवावंच लागतं, १/१००० किंवा वर, मग लेन्स कुठलीही असो.

येताना खरी कॉर्नरला सिग्नलवर थांबले. समोर बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा तो कॅमेऱ्याचा स्तंभ. रोज जाते त्याच्यासमोरून. या माणसानं परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून इथंच कोल्हापुरात कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आणि मी तयार लेन्स निवडायला तीन आठवडे घेतेय. हिरवा झालेला मागच्या रिक्षावाल्यानं सांगितला.

शुक्रवार

वापरलेली ७०-३००, आयएसवाली, माझ्या बजेटात मिळतेय असं एकानं सांगितलं म्हणून बघायला गेले. कोण, कुठं, ते लिहीत नाही. बाहेरून लेन्स चकचकीत, झूमची रिंग मऊ, फोकस पटकन बसतोय. मी पर्समधून भिंग काढलं. हे भिंग हिऱ्याचे डाग बघायचं, दहापट मोठं दाखवणारं, अकरा वर्षं माझ्या डोळ्याशी आहे. लेन्सची दोन्ही झाकणं काढली, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला आणि पुढून बघितलं.

आत दुसऱ्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. मधल्या एका ठिपक्यापासून सगळीकडं फाटे फुटलेले.

"धूळ आहे मॅडम. फोटोत येत नाही."

धूळ असती तर ठिपके असते. धुळीला फांद्या फुटत नाहीत. ही बुरशी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चामड्याची चप्पल आठ दिवस घातली नाही तर तिच्यावर हिरवा थर चढतो, तिथं बॅगेत अंधारात पडलेली लेन्स कशी सुटेल? आणि बुरशी काचेवर नुसती बसत नाही, वरचं कोटिंग खाते. पुसली तरी खाल्लेलं परत येत नाही. काळी पडलेली चांदी उजळता येते, हे नाही.

मी भिंग मिटलं आणि "बघते" म्हणाले. गुजरीत 'बघते' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

रविवार, दुपार

खांदे उचलत नाहीत, डाव्या हातानं लिहिता येत असतं तर बरं झालं असतं.

सिग्माची १५०-६०० एका दिवसाच्या भाड्यानं आणली होती. एकदा ६०० बघायचंच होतं. काल दुकान बंद करता करता काट्यावर ठेवली, दोन किलोला थोडी कमी. शेठ म्हणाले, "हे काय, तांब्या मोडीत काढताय काय?"

पहाटे रंकाळा. पहिला अर्धा तास मला पक्षीच सापडेना. डोळ्यांना दिसतोय, कॅमेऱ्यातून बघितलं की नुसतं पाणी. ६००वर चौकट इतकी चिंचोळी असते की हात बोटभर हलला तर पक्षी गायब. शेवटी शहाणपण सुचलं: आधी १५०वर ठेवून पक्षी मध्यावर घ्यायचा, मग झूम करत जायचं.

सव्वासातच्या सुमाराला कवड्या खंड्या आला. काळा-पांढरा, कवडीच्या रंगाचा. तो निळ्यासारखा दगडावर वाट बघत बसत नाही. पाण्यावर दोन-तीन पुरुष उंचीवर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली, आणि मग दगड टाकावा तसा पडतो. तो थांबलेला मला मिळाला. एक फोटो, फक्त एक, पण डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा आलाय. बाकीच्या साठेक फोटोंत शेपूट, अर्धा पंख, किंवा तो पाण्यात गेल्यावर उडालेलं पाणी.

तोवर मागं चार माणसं जमली होती. "कुठल्या चॅनेलचं म्हणायचं?" एका आजोबांनी विचारलं. "रंकाळ्याच्या घाणीवर दाखवणार असाल तर इकडून घ्या, इकडं लई साठलीय." मी पक्षी म्हटल्यावर त्यांचा हिरमोड झाला, पण जाता जाता सकाळी जांभळ्या पाणकोंबड्या कुठल्या कोपऱ्यात बाहेर येतात ते दाखवून गेले. आठ दिवसांत कुणी एवढं कामाचं सांगितलं नव्हतं.

साडेनऊनंतर ऊन चढलं आणि लांबची बदकं ६००वरही लोण्यासारखी मऊ यायला लागली. आधी वाटलं लेन्सच बिघडली. मग लक्षात आलं, पाण्यावरची हवा तापून थरथरत होती, आणि सगळा झूम त्या थरथरीतून बघत होता. तिला कुठलीच लेन्स काही करू शकत नाही.

मंगळवार, रात्री

पोरगं झोपल्यावर रविवारचे ३१८ फोटो काढून बसले. प्रत्येक फोटोबरोबर फोकल लेंग्थ नोंदलेली असते. मनापासून ठेवावेसे वाटले ते वीस वेगळे काढले. त्यातले ६००चे तीन. कवड्या धरून. बाकी सगळे १५० ते २७०मधले: पाण्यातून मान वर काढून गेलेली म्हैस, पोहून आलेले आजोबा टॉवेल पिळताना, कठड्यावर शेंगा सोलणारी बाई आणि तिच्याकडं बघणारा बगळा, पदपथावरचा धुक्यातला सायकलवाला.

मला वाटत होतं मला पक्षी काढायचेत. मी काढले माणसं आणि म्हशी.

दाजीपूरला जायचं डोक्यात आहे, तिथल्या गव्याचंही गणित करून टाकलं. तीस मीटरवर २५०ची चौकट जवळजवळ पावणेतीन मीटर रुंद. गवा अंगानं तेवढाच. चौकट भरेल. गव्याच्या त्याहून जवळ जायची मला हौस नाही.

शनिवार

घेतली. कॅनन ५५-२५०, आयएस एसटीएम, नवी, बिलासकट. दुकानातल्या मुलानं वरती एक यूव्ही फिल्टर गळ्यात मारायचा प्रयत्न केला, मी त्याऐवजी हूड मागितला, लेन्सच्या तोंडाला आडोसा देणारा. काचेपुढं स्वस्तातली काच कशाला?

सोमवारची वाट न बघता आजच काट्यावर ठेवली. ३७५ ग्रॅम. आताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं साडेसदतीस तोळे. शेठनी चष्मा वर केला, "चांदीच्या भावानं की सोन्याच्या?" मी किंमत सांगितली तर म्हणाले, "मग घडणावळच जास्त आहे." पर्समध्ये डब्याशेजारी आरामात बसली. मोपेडवरून रोज नेता येईल, हीच तिची माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट. सिग्मा सुंदर होती, पण ती घरी कपाटात राहिली असती, आणि कपाटात काय होतं ते शुक्रवारी भिंगातून बघितलंय.

त्यावरून आठवलं. लेन्स आणि कॅमेरा दोन्ही मावेल असा हवाबंद डबा हवा होता, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाकून. घरात तसा एकच आहे, सासूबाईंचा, चकलीचा. चकल्या संपल्यात, म्हणून मी तो धुऊन, वाळवून, बेडरूमच्या कपाटात वर ठेवला.

आत्ता स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. तिसऱ्यांदा विचारून झालं, "अगं, माझा निळ्या झाकणाचा डबा बघितलास का?"