तुम्ही विचारलंत म्हणून : बिटाचा रस मी पिते, पण सांगत का नाही

"ताई, तुम्ही स्वतः पिता, मग आम्हाला का सांगत नाही?" रविवारच्या लाँग रननंतर माझी रसाची बाटली निघाली की हा प्रश्न येतोच. आजवर 'सवय आहे हो' म्हणून मी वेळ मारून नेली. परवा कुणीतरी म्हणालं, ताई गुपित राखतात. ते लागलं मला. म्हणून एकदाच सांगते.

रस खोटा नाही, हे आधी. बिटात, पालकात, माठात नायट्रेट असतं. पोटात गेलेलं नायट्रेट लाळेतून परत तोंडात येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे त्यातून नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. जंतुनाशक माउथवॉशनं चूळ भरली तर हे जिवाणूच मरतात आणि फायदा घटतो. इंग्लंडमधल्या एक्सेटरला २००९ मध्ये रोज अर्धा लिटर रस पिणारे आठ जण सायकलवर कडक वेगात सुमारे १६ टक्के जास्त वेळ टिकले. लंडनला २०१५ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांनी चार आठवडे रोज पाव लिटर रस घेतला, तेव्हा वरचा आकडा आठेक अंकांनी उतरला. हे मी सगळ्यांना तोंडपाठ ऐकवायची. आजही त्यातला शब्द मागे घेत नाही.

पण मी ते दादालाही ऐकवलं होतं.

आमचे वडील ४९व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. म्हणून पन्नाशी झाल्यावर दादानं तपासणी केली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२ आलं आणि डॉक्टरांनी ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला, कारण घरात या विषयावर वाचणारी मीच. मी म्हटलं, "दादा, तीन महिने थांब. एकदा गोळी लागली की सुटत नाही." हे वाक्य माझं. मग बीट, आवळा, कच्चा लसूण, जवसाची चटणी. तीन महिन्यांनी १७२चे १५८ झाले. तो रिपोर्ट मी आपल्या ग्रुपवर टाकला, जुन्या लोकांना आठवत असेल. आणखी तीन महिने बघू, असं आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं.

ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या घाटात धुक्यातून चढत होतो. अर्ध्या घाटात दादा चालायला लागला. असं तो कधी करत नसे. "छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतंय," म्हणाला. डावा जबडा चोळत होता. आदल्या रात्री भाच्याच्या वाढदिवसाचं जेवण झालेलं. मी म्हटलं, पित्त असेल, आणि माझ्याकडचं कोकम दिलं. थांबला की त्याला बरं वाटायचं, चढायला लागला की परत तेच. चढावर येतं आणि थांबल्यावर जातं, याचा अर्थ मला माहीत होता. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी तिथूनच गाडी बोलावली असती. पण याचं एलडीएल तर मी उतरवलं होतं. आम्ही वरपर्यंत गेलो. उतरताना तो माझ्या पुढे पळाला आणि मी निश्चिंत झाले.

मंगळवारी पहाटे वहिनीचा फोन आला. हृदयाच्या समोरच्या मुख्य धमनीत ९० टक्के ब्लॉकेज. स्टेंट बसला, जीव वाचला. दुपारी मी डबा नेला, त्यात सवयीनं बिटाची कोशिंबीर केली होती. वहिनीनं पोळीभाजी ठेवून घेतली आणि ती वाटी झाकण न उघडता माझ्या पिशवीत परत ठेवली. बोलली काहीच नाही.

नंतर आम्हा दोघांचं लायपोप्रोटीन-ए तपासलं, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच, धमन्या तुंबवणारा एक कण. दोघांचंही खूप वाढलेलं निघालं. ते आईवडिलांकडून वारशानं येतं, खाण्यानं किंवा पळण्यानं हलत नाही. स्टॅटिननंही उतरत नाही. मग माझ्यातली जुनी ताई उठते : गोळीनं तरी काय झालं असतं? धमनी काय सहा महिन्यांत तुंबते? नाहीच तुंबत, खरं आहे. पण लायपोप्रोटीन-ए जास्त असेल तेव्हा एलडीएल आणखी खाली ठेवावं लागतं. गोळीनं ते निम्म्यावर येऊ शकतं, मी चौदानं उतरवून आनंद केला. पळण्यावरचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे अमेरिकेचे जिम फिक्स १९८४ मध्ये ५२व्या वर्षी पळतानाच गेले, त्यांचे वडीलही ४३व्या वर्षी हृदयविकारानं गेलेले. ही गोष्ट मला पूर्वीपासून माहीत होती. 'ते आपल्यासारखं खात नव्हते' म्हणून मी ती बाजूला सारत असे. २०२३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना आयुष्यभर पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या पुरुषांच्या हृदयाच्या धमन्यांत इतर निरोगी पुरुषांपेक्षा जास्त प्लाक, म्हणजे भिंतीवर साचलेला चरबीचा थर, दिसलं. तेव्हा मात्र मी बाजूला सारू शकले नाही.

बिटानं दादाचं काही बिघडवलं नाही. मी ते गोळीच्या जागी ठेवलं. तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या वडिलांना काय होतं, तुमच्या खिशात कुठली चिठ्ठी आहे, मला ठाऊक नसतं. मी रस म्हणेन आणि तुम्ही काय ऐकाल, याची मला भीती वाटते. यावर तुम्ही म्हणाल, मग दोन्ही सांगा, गोळीही आणि रसही. तेही बरोबर आहे. माझ्याच्यानं अजून होत नाही.

दादा आता सकाळी सपाट रस्त्यावर चालतो, गोळ्या घेतो. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा त्यानंच रस मागितला. मी अर्धा पेला दिला आणि वहिनी आतून बाहेर येईपर्यंत पेला विसळून ठेवला.