बॉस्टनचा स्कॅनर, २०१३ : आठवडा चौथा

२०१३च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटानंतर संशयितांचा पाठलाग झाला, त्या रात्रीचं स्कॅनरचं (पोलिसांच्या रेडिओवरचं बोलणं पकडणाऱ्या यंत्राचं) रेकॉर्डिंग मी ऐकतोय: पोलिसांनी खरंच कुणाची नावं घेतली होती का, हे शोधायला. घड्याळाचा गुंता एकदाचा सुटला. माझ्याकडची १८-१९ एप्रिलच्या रात्रीची फाइल शांतता कापून जोडलेली निघाली, म्हणजे तिच्यातला तास खरा तास नव्हताच. आता दोन खुंट्या ठोकल्यात: एमआयटीतला (बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधलं विद्यापीठ) गोळीबार १८ तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमाराचा, शेजारच्याच वॉटरटाउन गावातली पोलीस आणि संशयितांची चकमक मध्यरात्रीनंतर पाऊणच्या आसपासची. मधलं सगळं त्यांच्यावरून मोजतोय. (एप्रिलमध्ये बॉस्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. मी थंडीतला साडेदहाचा हिशोब धरून बसलो होतो. दोन रात्री पाण्यात.)

नवीन मंडळींसाठी: त्या पहाटे पावणेतीनच्या सुमाराला ट्विटरवर पसरलं, की पोलिसांनी स्कॅनरवर दोन संशयितांची नावं घेतली. त्यातलं एक ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचं होतं, महिनाभर बेपत्ता असलेल्या. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता.

दुसरं नाव मला सापडलं. सव्वादोनच्या आगेमागे एक जण कुणाचं तरी आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो आणि वर म्हणतो, 'एम ॲज इन माइक'. आपण फोनवर 'एम फॉर मुंबई' म्हणतो, तसंच. ऐकणाऱ्यांनी त्या माइकला त्या माणसाचं पाळण्यातलं नाव करून टाकलं! तो तुकडा वीसेक वेळा तरी ऐकला असेन. खरखर आहे, पण शब्द स्वच्छ कळतात.

विद्यार्थ्याचं नाव मात्र कुठेच नाही. एक ते तीन हा पट्टा दोनदा ऐकला, हेडफोन लावून. 'द अटलांटिक' या अमेरिकी नियतकालिकाचे पत्रकार ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनाही तेव्हाच रेकॉर्डिंगमध्ये ते सापडलं नव्हतं, तेव्हा मी काही शोध लावलेला नाही. आवाजाचं लिखाण करणारं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. त्याने नुसत्या खरखरीतून 'थँक यू' काढून दाखवलं. तेव्हापासून कानच बरे.

तरी वहीत 'नव्हतं' असं लिहिलेलं नाही. 'या फीडवर (म्हणजे स्कॅनरच्या या प्रक्षेपणात) ऐकू आलं नाही' एवढंच लिहिलंय. स्कॅनर एका चॅनलवर थांबला की त्या क्षणी दुसऱ्यावर कोण काय बोललं ते गेलंच, आणि त्या रात्री बॉस्टन, केंब्रिज, वॉटरटाउन, राज्य पोलीस असे सगळेच रस्त्यावर होते.

कुणाकडे केंब्रिजच्या फीडची त्या रात्रीची प्रत असेल तर कळवा. शांतता न कापलेली हवी.