गुण आहेत, मग पहिल्या संघात जागा का मिळत नाही?

मी कोल्हापुरात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. सराव संपेपर्यंत मैदानाच्या कडेला थांबलेले पालक वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात: "सर, मोठ्या क्लबांच्या अकादमीत एवढी हुशार मुले असतात, तरी त्यांतली इतकी थोडीच पहिल्या, म्हणजे क्लबाच्या मुख्य संघात कशी पोहोचतात? नुसता खेळ चांगला असून भागत नाही का?" तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. उदाहरण बार्सिलोनाचे घेतो, कारण ही वाट मोकळी असलेली, जवळजवळ बुजलेली आणि पुन्हा वाहती झालेली, अशी तिन्ही रूपे त्या एकाच क्लबात गेल्या वीसएक वर्षांत पाहायला मिळाली.

बार्सिलोनाच्या अकादमीचे नाव ला मासिया. 1979 मध्ये कॅम्प नोऊ मैदानाशेजारच्या एका जुन्या शेतघरात बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याची सोय करण्यात आली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. 2011 मध्ये मुले नव्या इमारतीत गेली, नाव मात्र तेच राहिले. तिथल्या सरावाचा गाभा म्हणजे रोंडो. मुले कडे करून उभी राहतात, मधल्या दोघांनी चेंडू हिसकावायचा आणि कडेच्यांनी शक्यतो एकाच स्पर्शात तो पुढे द्यायचा. हा खेळ पाहताना चेंडूवरची नजर काढून मुलांकडे पाहावे. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच मुलगा मान वळवून आजूबाजूला कोण आहे ते टिपून घेतो आणि अंग तिरके ठेवून उभा राहतो, म्हणजे पलीकडच्या पायावर चेंडू घेऊन त्याला हव्या त्या बाजूला वळता येते. लहान वयात अंगी मुरलेली ही सवय पहिल्या संघातही तशीच लागू पडते, त्यामुळे वर गेलेल्या मुलाला खेळाचे नवे व्याकरण शिकावे लागत नाही.

पण ही शिकवण वर्षानुवर्षे तीच असताना वर जाणाऱ्या मुलांची संख्या मात्र कमीजास्त होत राहिली, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या फरकातच आहे. मुलांना खालच्या संघापासून ओळखणारा प्रशिक्षक वर असावा लागतो आणि त्या मुलाच्या जागी खेळणारा दुसरा कोणी विकत आणलेला नसावा लागतो. या दोन्ही गोष्टी मुलाच्या हातात नसतात.

2007-08 मध्ये बार्सिलोनाचा दुसरा संघ स्पेनच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता आणि त्याचे प्रशिक्षक होते पेप ग्वार्दिओला, स्वतः ला मासियात वाढलेले. त्यांनी तो संघ वरच्या श्रेणीत नेला आणि पुढच्याच हंगामात पहिल्या संघाची सूत्रे हाती आल्यावर सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो यांना सोबत वर आणले. 11 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा हे दोघेही स्पेनच्या पहिल्या अकरांत होते. चौथ्या श्रेणीतून तिथवरचा प्रवास दोन वर्षांचा! ग्वार्दिओलांनी त्यांना रोजच्या सरावात जवळून पाहिले नसते, तर मोठ्या क्लबाचा दुसरा कोणता प्रशिक्षक चौथ्या श्रेणीतल्या मुलावर एवढा विश्वास टाकायला धजावला असता, असे मला वाटत नाही.

25 नोव्हेंबर 2012 रोजी लेव्हांतेविरुद्ध दानी आल्वेस जखमी झाला, चौदाव्या मिनिटाला मार्तिन मोन्तोया आत आला आणि मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासियाचे झाले. तो दिवस ठरवून आला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. शिवाय त्या अकरांतले पिके, फाब्रेगास आणि जोर्दी आल्बा हे तिघे लहानपणी किंवा कोवळ्या वयात क्लबाबाहेर गेले होते आणि बाहेर नाव कमावल्यावर क्लबाने त्यांना पैसे मोजून परत आणले होते.

यानंतर उतरण लागली. ला मासियात घडलेल्या थियागो अल्कांताराच्या करारात अशी अट होती की त्याला ठरल्याइतका वेळ खेळायला मिळाला नाही, तर दुसऱ्या क्लबाने त्याला सोडवून नेण्यासाठी मोजायची रक्कम 9 कोटी युरोंवरून 1.8 कोटींवर येईल. झालेही तसेच, आणि 2013 मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबाने त्याला नेले. त्याच्या खेळात काहीच कमी नव्हते. मधल्या फळीत शावी आणि इनिएस्ता उभे होते, त्यामुळे त्याच्या वाट्याला मिनिटे आली नाहीत. पुढे विकत घेतलेल्या खेळाडूंची गर्दी वाढत गेली आणि 17 एप्रिल 2018 रोजी सेल्टा व्हिगोविरुद्ध सुरुवातीच्या अकरांत ला मासियाचा एकही खेळाडू नव्हता. मला याचे आजही वाईट वाटते.

मग पैशांची चणचण आली. 2021 मध्ये क्लबावरचे कर्ज एक अब्ज युरोंच्या वर गेले होते, मेस्सीला निरोप द्यावा लागला आणि नवे खेळाडू घेण्यावर बंधने आली. त्याच वर्षी ला मासियातला गावी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या संघात खेळू लागला. 29 एप्रिल 2023 रोजी बेटिसविरुद्ध 83व्या मिनिटाला त्याच गावीच्या जागी लामिन यमाल उतरला, तेव्हा त्याचे सोळावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. पुढच्या जानेवारीत पाउ कुबार्सीचा नंबर लागला. क्लबाकडे पैसे असते, तर या मुलांना आणखी काही वर्षे थांबावे लागले असते, असे मी ठामपणे म्हणेन.

तरीही पालकांना मी यमालपेक्षा फर्मिन लोपेझकडे पाहायला सांगतो. 2022-23 मध्ये क्लबाने त्याला तिसऱ्या श्रेणीतल्या लिनारेसकडे वर्षभरासाठी उसना दिला. तिथे तो गुणांसाठी झगडणाऱ्या जाणत्या खेळाडूंबरोबर आठवड्यामागून आठवडा खेळला, परत आला आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्याने फ्रान्सविरुद्ध दोन गोल केले. याउलट आन्सू फाती सोळाव्या वर्षी वर आला, 2020 मध्ये त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ती पुरती बरी होण्याची वाट न पाहता मेस्सीचा दहा क्रमांक त्याच्या पाठीवर चढवला गेला. एवढ्या कोवळ्या मुलावर ते ओझे टाकायला नको होते.

आपल्याकडे अकादमी आणि पहिला संघ यांच्यामधली, मोठ्यांविरुद्ध खेळण्याची ही पायरीच कच्ची आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि तिथून इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघातर्फे आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरला. त्यानंतरच त्याला जमशेदपूर क्लबाची वाट उघडली. इंडियन ॲरोज मात्र 2022 मध्ये बंद झाला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या संघातून मिसरूड फुटलेली पोरे थोराड गड्यांना भिडतात, त्या सामन्यांचे मोल मला म्हणूनच फार वाटते.

तेव्हा अकादमीत नाव घालण्याआधी तिथले गवत, बूट आणि परदेशी प्रशिक्षक पाहून झाले की चालकांना आणखी एक गोष्ट विचारा: तुमच्याकडची सतरा ते वीस वयाची मुले दर आठवड्याला कोणत्या संघातून, कोणाविरुद्ध सामना खेळतात? गेल्या तुकडीतल्या मुलांची आणि ती आज ज्या संघांत खेळतात त्यांची नावे मागून घ्या, आणि जमल्यास त्यांतल्या एखाद्याचा सामना मुलाला सोबत नेऊन पाहा.